खिशातला फ्यूज

घराची किल्ली काढायला त्याने पँटच्या खिशात हात घातला, तर किल्लीच्या आधी बोटांना फ्यूज लागला. गुळगुळीत, चिनी मातीचा, अंगठ्याहून थोडा जाड, दोन्ही टोकांना तांब्याच्या जिभा. मांडीच्या उबेने कोमट झालेला. बोटांनी तो ओळखला आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. कामावरून घरी आल्यावर खिशात फ्यूज लागणं ही बोटांच्या लेखी जगातली सगळ्यात साधी गोष्ट होती. त्या एका क्षणात तो इथे नव्हताच. दाराआड आई असणार होती, पाण्याचा तांब्या असणार होता आणि 'खिसे रिकामे केल्याशिवाय कपडे धुवायला टाकायचे नाहीत' हे रोजचं वाक्य असणार होतं. तेवढ्यात जिन्यातला दिवा विझला. माणूस हलला नाही की तो विझतो, इथली तशी सोय आहे. त्याने हात हलवला, दिवा लागला, समोर दुसऱ्या मजल्यावरचं त्याचं भाड्याचं दार उभं राहिलं. हा फ्यूज शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीच्या तळघरात असायला हवा होता. तो तिथे नाही, म्हणजे सकाळी ज्यांच्याकडे काम केलं त्या चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या घरात दिवा नाही, शेगडी नाही आणि या थंडीत हीटरही नाही. तो तिथून निघाला एक वाजता. वाटेत भाजी घेतली, दूध घेतलं, लेकीसाठी खोडरबर घेतलं, बसमध्ये खिडकीला डोकं टेकून डुलकी काढली, आणि हा सगळा वेळ त्या म्हाताऱ्या माणसाची वीज त्याच्या खिशात होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते कळसा आपलाच असेल तर ठीक. आता सव्वातीन वाजले होते. त्याने भाजीची पिशवी दाराशी ठेवली आणि दार न उघडताच तो जिना उतरू लागला.

सकाळी सगळं रीतसर झालं होतं, हेच तर वाईट होतं. आजोबांच्या स्वयंपाकघरातला प्लग जळला होता, तो बदलायचा होता. काम तासाभराचं. कंपनीने प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलेलं आहे. काम सुरू करण्याआधी खाली जाऊन वीज तोडायची, तिथे कुलूप घालायचं, कुलपाला आपला फोटो असलेला बिल्ला अडकवायचा, म्हणजे आपला हात तारेत असताना दुसऱ्या कोणी येऊन वीज सोडू नये. पद्धत चांगली आहे, तिला नाव ठेवायला जागा नाही. पण तळघरात तो पोचला तर तिथला बोर्ड कुलपाच्या जन्माआधीचा. लाकडी फळी, तिच्यावर कोळिष्टकं, आणि ओळीने बसवलेले पांढरे चिनी मातीचे फ्यूज. चार वर्षांत त्याने इथे असा फ्यूज पाहिला नव्हता. परक्या गावात वर्गातला मुलगा भेटावा आणि दोघांनी नुसतंच एकमेकांकडे बघत राहावं, तसा तो दोन मिनिटं बोर्डासमोर उभा राहिला. मग त्याच्या हाताने आजोबांच्या घराचा फ्यूज खेचला, फुंकर मारून धूळ उडवली आणि खिशात टाकला. कुलूप हत्यारांच्या पिशवीतच राहिलं. हे त्याने ठरवून केलं नाही. हाताने केलं आणि त्याला सांगितलंही नाही.

वर जाऊन त्याने जळकी तार काढली, नवी घातली, नवा प्लग बसवला. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले होते आणि परीक्षकासारखे बघत होते. काम संपल्यावर त्याने कागद भरला. त्या कागदावर दहा चौकोन असतात, प्रत्येकात बरोबरची खूण करायची. शेवटचा चौकोन 'वीज सुरू करून तपासले' असा. नऊ खुणा करणारा हात दहाव्याशी कशाला थांबतोय? खाली जाऊन फ्यूज बसवायचा आणि परत वर येऊन बघायचं, ते करणारच आहोत, म्हणून त्याने खूण करून टाकली, आजोबांची सही घेतली आणि 'दहा मिनिटांत वीज येईल' असं सांगून तो निघाला. दुसऱ्या मजल्यावर आला असेल-नसेल, मुकादमाचा फोन. "दुपारचं काम रद्द झालंय. तुम्ही आज लवकर घरी जाऊ शकता. छान वेळ घालवा." मुकादम हे त्याने घरी बोलताना ठेवलेलं नाव, इथे त्या पदाला वेगळंच काहीतरी म्हणतात. पण अवचित सुट्टी मिळालेल्या माणसाचे पाय कधी तळघराकडे वळत नाहीत. पायांनी त्याला सरळ रस्त्यावर आणून सोडलं, आणि तो खुशीत होता, शीळसुद्धा घातली असेल.

आता घराजवळच्या बसथांब्यावर उभं राहून त्याने कंपनीचा नंबर लावला. एकदा घंटी वाजली आणि त्याने फोन तोडला. आजोबांचा नंबर त्याच्याकडे नव्हता, कागदावर फक्त पत्ता असतो. कंपनीकडे मागायचा तर मुकादमाला कारण सांगावं लागणार. मुकादम कधी आवाज चढवत नसे. तेच भीतीचं होतं. मागल्या महिन्यात कंपनीतल्या एका वायरमनला त्याने हसून सांगितलं, तुमच्याबरोबर काम करून आनंद झाला, आणि हातात एक पाकीट दिलं. तो बापडा आभार मानून निघाला, बसथांब्यावर पाकीट उघडलं तेव्हा त्याला कळलं की आपली नोकरी गेली. त्याची स्वतःची सहा महिन्यांची उमेदवारी या शुक्रवारी संपत होती. शुक्रवारी मुकादमाची सही झाली की परवाना कायमचा, मग तो इथेही वायरमन. सही झाली नाही, तर पुन्हा गोदामात खोकी उचलायची, जशी पहिलं वर्षभर उचलली. त्याची बायको इथल्या दवाखान्यात नर्स, तिच्या नोकरीवर तर सगळे इथे आले. तिकडे त्याचं नाव होतं, चार गल्ल्यांत लोक हाक मारून बोलवत. इथे तो कोणाच्या तरी मागून आलेला माणूस होता. शुक्रवारकडे तो कसा डोळे लावून बसला होता हे तिला माहीत होतं, म्हणून त्याने तिलाच फोन लावला.

"बोला, दोनच मिनिटं आहेत मला."

"तो फ्यूज माझ्याच खिशात राहिला."

"कुठला फ्यूज?"

त्याने सांगितलं. खुणेचंही सांगितलं. तिकडे कोणाच्या तरी पलंगाची चाकं वाजत गेली.

"वय काय हो त्यांचं?"

"ऐंशीच्या पुढे असतील. काठी घेऊन चालतात."

"घरात दुसरं कोणी?"

"कोणी नाही. एकटेच."

"मग नोकरीचं मागनं बघू," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. "म्हाताऱ्या माणसांना गारठा लवकर कळत नाही. गप्प बसून राहतात खुर्चीत. आपल्याला वाटतं झोपलेत. आमच्याकडे आणतात ना तसे..." ती थांबली. "टॅक्सी मिळतेय का बघा."

"बस आलीच समोर."

"चढा मग. छकुलीला मी शेजारच्या काकूंकडे थांबायला सांगते. आणि मुकादमाला?"

"नाही सांगितलं अजून."

 ती म्हणाली, "आधी पोचा तुम्ही," आणि फोन ठेवला.

बस रिकामी होती. मागच्या बाजूच्या खिडकीशी तो बसला, हात खिशात घालून, फ्यूज मुठीत धरून. आजोबांची खुर्ची त्याला दिसत होती, काठीवरचे दोन हात दिसत होते. भीती तर वाटतच होती, चांगली पाचावर धारण बसली होती. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी हललं आणि ते त्याला ओळखू येईना. दोन थांबे गेल्यावर ओळखू आलं. त्याला आनंद झाला होता. एक म्हातारा आपल्यामुळे गारठून बसलाय, आपली नोकरी जायची वेळ आलीय आणि हा माणूस मनातून खूश होतोय, म्हणजे काय म्हणायचं याला? त्याने खिडकीबाहेर बघितलं, धुराड्यातून निघणारी वाफ बघितली, मोजायला काहीतरी हवं म्हणून थांबे मोजले. आनंद काही जाईना. अण्णा असे खिशात फ्यूज टाकून घरी यायचे.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. अख्ख्या गावाचे वायरमन. शाळेत न जाता धंदा शिकलेले, आणि शिकवतानाही शाळा नव्हतीच. कॉलेजात दोनदा नापास होऊन तो त्यांच्या हाताखाली आला, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी फक्त दोन गोष्टी सांगितल्या. तारेला हात लावायचाच झाला तर उलट्या पंजाने लावायचा, म्हणजे झटका बसला तर मूठ वळून तार धरली जात नाही, हात आपोआप मागे येतो. आणि फ्यूज काढला की खिशात. फळीवर ठेवायचा नाही, घरमालकाच्या हातात द्यायचा नाही, बायकोच्या हातात तर नाहीच नाही. "माझा जीव माझ्या खिशात," असं म्हणून ते खिशावर थाप मारत. त्यांच्या शर्टाच्या खिशांना आईने आतून दुहेरी कापड शिवलं होतं, नाहीतर तांब्याच्या जिभांनी महिन्याभरात खिसा फाटे. एकदा पिठाच्या गिरणीचा फ्यूज ते असेच घरी घेऊन आले. गिरणीवाला सायकल मारत आला तोवर अण्णांचे दोन घास खाऊन झाले होते. हात धुवून ते त्याच्या सायकलवर मागे बसून गेले. गिरणीसमोर डबे घेऊन पंचवीस बायका उभ्या होत्या. परत आल्यावर म्हणाले, "आज महिनाभराचं ऐकून आलो, आता तुझ्या आईला काही बोलायला शिल्लक नाही." आई म्हणाली, "माझं वेगळं आहे, ते ठेवलंय मी राखून." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आई अण्णांना दिवसातून एकदा तरी म्हणायची, आणि अण्णा ते जेवणाआधी म्हणायचा मंत्र असावा तसं ऐकून घ्यायचे.

इथे आल्यावर त्याला पहिल्यांदा शिकावं लागलं ते विसरायला. तिकडे बटण खाली केलं की दिवा लागतो, इथे वर केलं की. पहिल्या वर्षी स्वतःच्याच घरात तो रोज संध्याकाळी लागलेले दिवे विझवत फिरे आणि लेक हसून लोळे. ते हसण्यावारी गेलं. तारांचं तसं नव्हतं. अण्णांनी ज्या रंगाची तार बेलाशक धर म्हणून सांगितलं होतं, त्याच रंगातून इथे वीज वाहते. परवान्याच्या परीक्षेसाठी त्याने रंगीत तारांचे तुकडे स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडले होते, आणि रोज सकाळी चहा होईपर्यंत तो स्वतःला शिकवी, ही धरायची नाही, ही धरायची नाही. सहा महिने लागले. एक दिवस असा आला की हात त्या रंगापासून न सांगता मागे सरला. त्या दिवशी त्याने बायकोला पेढे आणल्यासारखा चेहरा करून सांगितलं, जमलं. आणि संध्याकाळी मोरीत तोंड धुताना त्याला अगदी विनाकारण वाईट वाटलं. अण्णांनी हातात भरलेलं थोडं थोडं करून बाहेर काढायचं आणि तिथे दुसरं भरायचं, असं ते काम होतं. जगायचं असेल तर दुसरा इलाज नव्हता. इथल्या लोकांची चूक नाही, अण्णांची नाही, रंगांची तर नाहीच.

अण्णा गेले त्या दिवशी तो शिडीवर होता. त्याचा इथला दुसरा हिवाळा, एका दुकानाच्या छताला दिवे लावायचं शिकाऊ काम. थोरल्या भावाचा फोन आला, त्याने खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. भाऊ म्हणाला, "अरे, अण्णा गेले." त्याने "हो" म्हटलं. मग त्याने हातातल्या तारेचं टोक नीट पिळलं, स्क्रू घट्ट केला, झाकण लावलं आणि मगच तो शिडी उतरला. कागदपत्रं झालेली नव्हती, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, बायकोने म्हटलं तरी, "जाऊन या ना, बघू पुढचं पुढे," पण तो गेला नाही. रडलाही नाही. रडायचं राहून गेलं, असं म्हणायला हवं. आज रडू, उद्या रडू, असं करता करता तारीख उलटली. शिडीवर आपण तो स्क्रू का घट्ट केला, हे त्याला पुढे कितीदा तरी आठवलं. भावाने एकदा बोलता बोलता म्हटलंच, "तुझं बरं आहे बाबा, लांबून सगळं सोपं असतं." 

शेवटच्या वर्षात अण्णांचं डोकं चालेनासं झालं होतं. नातवंडांची नावं विसरले, जेवलो की नाही हे विसरले. पण दुपारी सगळे लवंडले की स्टुलावर चढून घराचा फ्यूज काढायचे आणि खिशात टाकून ओसरीवर बसायचे, काम चालू असल्यासारखे. अख्खं घर घामाघूम. भाऊ पहिल्यांदा दुसऱ्या वायरमनला बोलावून बसला, त्याने पैसे घेतले नाहीत पण हसू आवरेना. मग आईने युक्ती काढली. पंखा थांबला की ती ओसरीवर जाई आणि म्हणे, "अहो, झालं का काम?" अण्णा म्हणत, "झालं, झालं," आणि फ्यूज काढून तिच्या हातात देत. ही गोष्ट फोनवर ऐकताना भाऊ वैतागलेला असे, आई हसत असे आणि तो इथे या टोकाला, बर्फासारख्या थंड खिडकीशी उभा राहून दोघांचं ऐकत असे. इतकी वर्षं त्याने हे मनात असं ठेवलं होतं, की अण्णांचं सगळं गेलं आणि शेवटी एवढंच राहिलं. आपलंही सगळं गेलं, आणि आपल्यात तर एवढंही राहिलं नाही. आणि आज सकाळी तळघरात हाताने, न विचारता, फ्यूज खिशात टाकला. बस वळणावर झुकली, त्याने मूठ आणखी आवळली. तांब्याची जीभ तळव्यात रुतली, ती त्याने रुतू दिली.

दुसऱ्या बससाठी वीस मिनिटं थांबावं लागलं आणि तिथे त्याला धीट विचार सुचू लागले. इथे हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येतं. दुकानांत दिवे लागले होते. आता असं करायचं, तो म्हणाला स्वतःला, गुपचूप तळघरात जायचं, फ्यूज बसवायचा, आणि अळीमिळी गुपचिळी. वीज गेली होती, आली. जुनी इमारत आहे, जात असेल. कागदावर खूण आहे, सही आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलंच तर म्हणायचं, दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा बघायला आलो, आमच्याकडे तशी पद्धत आहे. हे वाक्य त्याने इथल्या भाषेत मनात जुळवलं, क्रियापदं तपासली, आणि ते इतकं छान जुळलं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. खरं बोलताना तो या भाषेत नेहमी अडखळे. मग बायकोचं वाक्य आठवलं, गप्प बसून राहतात, आपल्याला वाटतं झोपलेत. त्यानंतर त्याने काही जुळवलं नाही. बसमध्ये तो बसलाच नाही, दाराशी उभा राहिला, आणि प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या माणसाचा त्याला राग येत होता.

इमारत कोपऱ्यावरून दिसली. खालच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या, चौथ्या मजल्यावरच्या तेवढ्या दोन काळ्या. पावणेपाच वाजले होते. तो तळघराच्या पायऱ्या धावत उतरला, बॅटरीच्या उजेडात ती रिकामी खाच शोधली, फ्यूज दाबून बसवला. आपल्या जागी बसताना त्याचा जो हलका खटका होतो, तो झाला. बाहेर येऊन त्याने वर पाहिलं. खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या. आता इथून घरी जाता आलं असतं. थांबा समोर होता, बसही दिसत होती, आणि ती रिकामी होती. पण त्या पिवळ्या खिडकीत काही हललं नाही. वीज आल्यावर माणूस उठतो, पडदा ओढतो, निदान सावली तरी पडते. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो जिन्याकडे पळाला आणि चार मजले एका दमात चढला.

दारावर त्याने आधी बोटाने, मग मुठीने वाजवलं. आतून काही आवाज नाही. पुन्हा वाजवलं. मग काठीचा आवाज आला, सावकाश, एकेक पाऊल मोजल्यासारखा, आणि त्याने मूठ दारावरून खाली घेतली. दार उघडलं. आजोबा आपल्या कोटावर आणखी एक कोट घालून, कानावरून मफलर गुंडाळून उभे होते. ओठ निळसर पडले होते. नाक लाल.

"तू!" ते म्हणाले. त्या भाषेत तू आणि तुम्ही असा फरक नाही, पण त्याने ऐकलं ते तूच. "दहा मिनिटं म्हणालास! दहा! घड्याळ कळतं का तुला?"

"माझी चूक..."

"चूक माहीत आहे मला कोणाची ती! पावणेचार तास बसलोय मी! हीटर बंद, शेगडी बंद, दिवा बंद. फोन करावा तर तो मेलाही विजेवर चालतो. जिना उतरून जाऊ? या पायाने? शेजारीण परगावी. दोन कोट घातलेत मी, दोन! एक माझ्या लग्नातला आहे. भुतासारखा बसलो होतो लग्नाचा कोट घालून अंधारात! मेलो असतो तर काय केलं असतंस? पुन्हा खूण केली असतीस कागदावर?"

सगळं त्याला समजत नव्हतं. शब्द भराभर येत होते आणि त्यातले निम्मे त्याने कधी ऐकलेले नव्हते, भाषेच्या वर्गात असले शब्द शिकवत नाहीत. पण रागावण्याला शब्दकोश लागत नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. आजोबांची काठी जमिनीवर आपटत होती आणि तिच्या टोकाचं रबर झिजलेलं होतं, ते बदलायला हवं, असं त्याच्या मनात आलं.

"तोंड नाही का तुला? काय झालं होतं? बोल!"

जुळवलेलं वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर होतं. "फ्यूज माझ्या खिशात राहिला," तो म्हणाला. "मी घरी गेलो. आणि खूण मी आधीच केली होती. तपासलं नव्हतं."

"हे तुझ्या साहेबाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांग. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने उंबऱ्यावरच उभं राहून फोन लावला. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सांगितल्याबद्दल मनापासून आभार. उद्या सकाळी आठला माझ्या खोलीत या. कुलूप आणि बिल्ला बरोबर आणा." आवाज गोड होता, नेहमीसारखा.

"काय म्हणाला?"

"आभार म्हणाला. कुलूप घेऊन उद्या या म्हणाला."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. कुलूप परत मागितलं म्हणजे काय, हे त्यांना कळलं असावं, कारण काठी आपटायची थांबली. पण राग गेला नव्हता. "पण खिशात कशाला घालतोस?" त्यांनी विचारलं. "फ्यूज काय खिशात घालायची वस्तू आहे?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. शब्द कमी पडले तिथे हाताने दाखवलं, हा माझा हात तारेत, ती खालची फळी, तो दुसरा कोणी माणूस. "कोणी बसवू नये म्हणून. माझे वडील असंच करायचे. वायरमन होते. त्यांच्याकडून शिकलो."

"आणि काम झाल्यावर? काम झाल्यावर ते परत बसवायचे की नाही?"

"बसवायचे."

"विसरले तर?"

"जायचे परत. जेवणावरून उठून जायचे."

"मग तू अर्धंच शिकलास," आजोबा म्हणाले. "शिकवणाऱ्याने पूर्ण शिकवलं होतं. तू अर्धंच शिकलास."

त्याला 'मी पण आलो ना परत,' असं म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं. पण जे बाहेर आलं तो शब्द नव्हता, आणि तो चाळीस वर्षांचा घोडा, हातात हत्यारांची पिशवी, पाठीवर कंपनीचं नाव, परक्या माणसाच्या उंबऱ्यात उभा राहून हमसून हमसून रडू लागला. आपण कशासाठी रडतोय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चार वर्षांत त्याला कोणी असं रागावलं नव्हतं. लोक हसले होते, आभार मानले होते, पाकिटं दिली होती. कोणाला त्याचा असा संताप आला नव्हता, तू माणूस आहेस आणि तुला हे कळायला हवं होतं, असा.

आजोबा क्षणभर गडबडले. मग त्यांनी मफलर कानावर ओढला. "आता रडून काय होणार? दार लाव आधी! जरा कुठे ऊब यायला लागलीय, तर हा दार उघडं टाकून रडतोय. आत ये. आत ये आणि तो प्लग तपास, निम्मं काम टाकून गेलायस. आणि बूट काढ!"

तो आत आला. त्याने दार लावलं आणि बूट काढायला खाली वाकला. नाडी दिसत नव्हती, गाठ सुटत नव्हती. मागे आजोबांचं बोलणं चालूच होतं, थंडीवर, आजकालच्या कामगारांवर, त्याच्यावर. ते इतक्यात थांबू नये, एवढंच त्याला वाटत होतं.